एजंट, खानावळ आणि झुरळं

घर दाखवताना एजंट जे बोलतो ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावं आणि व्यवहार झाल्यावर जे बोलतो ते मात्र लिहून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. व्यवहाराआधी त्याच्या लेखी प्रत्येक खोलीत उजेड असतो, प्रत्येक खिडकीत वारा असतो आणि शेजारी तर एकजात सज्जन. दलाली खिशात पडली की तोच माणूस खरं बोलायला लागतो, कारण आता त्याला आपल्या गळ्यात काही मारायचं नसतं. चावी हातावर ठेवता ठेवता तो दोन गोष्टी हमखास सांगतो : आज रात्री जेवायला कुठे जायचं आणि ओट्याखालून काय काय निघेल.

या दोन विषयांत त्याच्याइतका अधिकार कुणाचाच नसतो. दिवसभर घरं दाखवत उन्हातान्हात हिंडणारा माणूस दुपारी घरी जेवायला जात नाही, त्यामुळे आसपासची प्रत्येक खानावळ त्याच्या पोटाने पारखलेली असते. आणि भाडेकरूला रात्री अकरा वाजता पहिलं झुरळ दिसलं की फोन त्यालाच जातो. घरमालक अशा वेळी फोन उचलत नाहीत.

आमचा एजंट जेवणाच्या जागा ज्या कसोटीवर पारखतो, ती मी कुठल्याच परीक्षणात वाचलेली नाही. पदार्थांची यादी तो वाचतच नाही. "मॅडम, आजूबाजूचे दुकानदार स्वतः कुठे जेवतात ते बघा. त्यांना रोज जेवायचंय आणि रोज दुकानही उघडायचंय." दुसरी खूण म्हणजे हात धुवायला जायचं आणि बेसिनखाली नजर टाकायची. तिथे ओलं फडकं कोंबलेलं असेल, पाइपभोवतीचं भोक उघडं असेल, तर पुढ्यात येणाऱ्या ताटाबद्दल आशा जरा कमी ठेवायची. तिसरी, एकदा तरी बंद व्हायच्या वेळी जाऊन बघायचं. कचऱ्याचा डबा झाकून बाहेर जातोय की रात्रभर आतच मुक्कामाला राहतोय, एवढं कळलं तरी पुरे.

इथेच त्याचे दोन्ही विषय एक होतात. माणसांना जेवायला घालणाऱ्या जागेत अन्न, ऊब आणि ओल सतत असते, आणि झुरळालाही याहून जास्त काही लागत नाही. "बाजार अगदी पायाशी" म्हणून खपवलेल्या घरात भाडं आपण एकट्याचं भरतो, राहतात मात्र बरेच जण.

बंद घर दाखवायला नेताना तो आधी एकटाच आत जातो आणि प्रत्येक मोरीत एकेक मग पाणी ओततो. मला वाटायचं, धूळ बसवतोय. पण कारण वेगळंच होतं. मोरीच्या जाळीखाली जो वळणदार भाग असतो, त्यात पाणी साचलेलं असतं आणि ते पाणीच गटाराचं झाकण असतं. घर बरेच आठवडे बंद राहिलं की ते वाळतं. मग वासही वर येतो आणि गटारातली मोठी, तांबूस झुरळंही. न वापरल्या जाणाऱ्या मोरीत पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी लवकर उडून जात नाही. हे त्यानेच सांगितलं. इमारत बांधणाऱ्यांपैकी कुणीही सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरातली ती बारकी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली झुरळं वेगळी. ती बहुतेक वेळा आपणच खोक्यांतून, जुन्या फ्रिजमधून घेऊन येतो. म्हणून सामान लागलं की पुठ्ठ्याची खोकी त्याच दिवशी घराबाहेर, हा त्याचा कडक नियम. या जातीची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी ती फुटायची वेळ येईपर्यंत अंगाला चिकटवून फिरते, त्यामुळे एकच दिसलं म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. दिवसाढवळ्या दिसू लागली, तर आतल्या फटींत दाटी झाली असं समजायचं. तिचं नाव 'जर्मन झुरळ', पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तिचा उगम सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात झाला. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने १७६७ साली तिला जर्मन ठरवलं आणि ते तसंच चिकटून राहिलं.

फवारा मारण्याच्या तो सक्त विरोधात आहे. बिजागरीपाशी, ट्रॉल्यांच्या मागे झुरळांसाठीच्या विषारी आमिषाचे, म्हणजे जेलचे, बारीक ठिपके लावायचे आणि गप्प बसायचं. ते जेल खाऊन झुरळ फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. वर फवारा मारला की ती त्या जागेकडे फिरकतच नाहीत आणि जेल वाया जातं. शिवाय, "एकाच कंपनीचं जेल वर्षानुवर्षं लावू नका, कंटाळतात."

कंटाळतात! मी हसले होते. पण हे जवळजवळ खरंच आहे. पूर्वी अशा आमिषांत विष ग्लुकोजमध्ये कालवलेलं असे. काही ठिकाणची झुरळं ते तोंडातच घेईनात. १९९३ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की या झुरळांनी ग्लुकोज खाणंच सोडलं आहे आणि ही खोड पुढच्या पिढीत उतरते. २०१३ मध्ये कारणही कळलं : कडू चव ओळखणाऱ्या त्यांच्या पेशी ग्लुकोज लागलं तरी जाग्या होतात, म्हणजे गोड त्यांना कडू लागतं. मग उत्पादकांना आमिषाची चव बदलावी लागली. चोखंदळ गिऱ्हाईक आणि बदललेला पदार्थ, खानावळीचाच न्याय.

मुंग्यांबद्दल त्याचं म्हणणं दोन वाक्यांत संपतं : रांग साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे वासाची वाट मोडते, आणि त्या कुठून येतात ते आधी पाहून मगच पुसा. वाळवीबद्दल मात्र तो आवाज खाली आणून बोलतो. चौकटीवर बोटाने टकटक करून पोकळ वाजतंय का बघायचं, कोपऱ्यात पेन्सिलीएवढी मातीची नळी चढलीये का बघायचं. आणि सगळ्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर तो का, हे विचारायचं. व्यवहाराआधी विचारायचं, हे अर्थात तो व्यवहारानंतर सांगतो.

परवा त्याला विचारलं, तुझ्या त्या लाडक्या खानावळीच्या वरचा फ्लॅट रिकामा झालाय म्हणे, माझ्या बहिणीला चालेल का? "जेवायला रोज या," तो म्हणाला. "राहायला नको. अगदीच मन असेल तर वरची मोरी खालच्याच पाइपला जोडली आहे का, ते मालकाला विचारा. मी सांगितलं म्हणू नका, तो फ्लॅट माझ्याकडेच आहे."