तुम्ही विचारलंत म्हणून: व्हियाची पानं गाळू का?

आमच्या सोसायटीच्या बालवाचनालयातून आर. जे. पलासिओ यांची 'वंडर' कुणाच्या घरी गेली, की आठवड्याभरात आई किंवा बाबा विचारतातच. "गोष्ट ऑगस्टची आहे ना? मग मध्येच त्याची बहीण, मित्र, बहिणीचा मित्र असे सगळे का बोलायला लागतात? मूल गोंधळतं. ती पानं गाळली तर चालतील का?"

नका गाळू. निदान व्हियाची, म्हणजे त्या बहिणीची, तरी नकोच.

ऑगस्ट पुलमन न्यूयॉर्कमधला 10 वर्षांचा मुलगा. चेहऱ्याची हाडंच जन्मतः नीट घडलेली नाहीत, 27 शस्त्रक्रिया झाल्यात आणि पाचवीत तो पहिल्यांदा शाळेत जातो. सुरुवातीलाच तो बजावतो, की मी कसा दिसतो ते सांगणार नाही, तुमच्या मनात येईल त्याहून वाईटच असेल. डोळे कुठे आहेत, कान कसे आहेत हे आपल्याला कळतं ते दुसऱ्या भागात, त्याच्या बहिणीकडून. मला हे फार योग्य वाटतं. चेहरा त्याचा असला तरी बघतात इतर, मग कसं बघितलं हे त्यांनीच सांगायला हवं.

आणि व्हिया ते सांगते. चार आठवडे आजीकडे राहून ती घरी येते आणि धावत आलेला भाऊ तिला क्षणभर, अगदी क्षणभरच, परक्या माणसाला दिसेल तसा दिसतो. एका रात्री आई ऑगस्टच्या खोलीच्या दाराला कपाळ टेकून उभी असलेली तिला दिसते. आई अशी किती रात्री उभी राहिली असेल, आणि माझ्या दाराशी कधी उभी राहिली असेल का, असं तिच्या मनात येतं.

माझ्या धाकट्या भावाचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. त्याची ऑपरेशनं, त्याचं बोलणं, त्याचं जेवण यातच घराचा दिवस जायचा. मी 'समजूतदार' होते. सगळे तसंच म्हणायचे. बसमध्ये लोक वळून बघायचे तेव्हा मी त्याचा हात सोडून खिडकीबाहेर बघितलं आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चाळिशीत व्हियाची पानं वाचताना पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

ऑगस्टचा शाळेतला मित्र जॅक, त्याचा भाग मुलांना जास्त भिडतो. हॅलोवीनला, म्हणजे भुताखेतांचे वेश घालायच्या सणाला, मुखवट्याआड बसलेल्या ऑगस्टच्या कानावर जॅकचे शब्द पडतात: माझा चेहरा असा असता तर मी जीवच दिला असता. हे पहिल्याच भागात येतं. जॅक स्वतः बोलतो तो चौथ्या भागात, मध्ये व्हिया आणि शाळेतली मैत्रीण समर. तेवढी पानं आपण त्याच्यावर रागावलेलेच असतो. मग कळतं, की ऑगस्टला त्याने फार पूर्वी एका आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर पाहिलं होतं आणि सोबतची आया मुलांना घेऊन घाईघाईने उठली होती. पलासिओ यांच्यावर स्वतःवर असाच प्रसंग आला होता. छोटा मुलगा रडू लागला म्हणून त्या अशाच गडबडीने निघून गेल्या, आणि त्या खंतीतून 2012 चं हे पुस्तक आलं. स्वतःची चूक त्यांनी जॅकच्या आठवणीत घातली आहे.

जस्टिनचा, म्हणजे व्हियाच्या मित्राचा, भाग मला पातळ वाटतो. मूल कंटाळलं तर तो भरभर वाचू द्या.

ऑगस्टला सर्वांत जास्त छळणारा वर्गातला ज्युलियन मात्र या पुस्तकात बोलतच नाही. त्याची बाजू 2014 मध्ये वेगळी आली. तीही आमच्या कपाटात आहे, पण 'वंडर' परत आल्या आल्या मी ती देत नाही. पंधरा दिवस थांबते. आधी मुलाला ज्युलियनवर नीट चिडू दे.