महागडा मदरबोर्ड: खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवा, मॅन्युअल उघडा

तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड, तीच रॅम. हा संच एकदा मधल्या फळीतल्या बोर्डावर बसवा आणि एकदा त्याच सॉकेटच्या सर्वांत वरच्या बोर्डावर. खेळातल्या फ्रेम रेटमध्ये ठळक फरक दिसलाच, तर तो बहुधा बोर्डाचा नसतो. एकीकडे रॅमचं प्रोफाइल (तिला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू राहिलेलं असतं आणि दुसरीकडे बंद, किंवा एका बोर्डाने प्रोसेसरची वीजमर्यादा गुपचूप उठवलेली असते. वरच्या बोर्डाचे जादा पैसे जातात ते जोडण्यांमध्ये, वीजपुरवठ्याच्या थंडाव्यात आणि काही बिघडलं तर ते पटकन सापडण्याच्या सोयीत. यातलं आपल्याला काय लागणार आहे, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. मॅन्युअलमध्ये असतं, तेही बहुतेक वेळा बारीक अक्षरातल्या तळटिपेत. उत्पादकाच्या साइटवर मॅन्युअल फुकट मिळतं, तेव्हा खरेदीआधीच ते उतरवून घ्यावं.

लेनचा हिशेब

त्यात सगळ्यात आधी ब्लॉक डायग्राम (कोणता भाग कशाला जोडलाय त्याचा नकाशा) शोधा, नाहीतर एम.२ स्लॉटचा, म्हणजे एसएसडी बसते त्या खाचांचा, तक्ता. प्रोसेसरकडून मोजक्याच पीसीआयई लेन (डेटा वाहून नेणाऱ्या वाटा) येतात आणि बोर्ड कितीही भारी असला तरी त्या वाढत नाहीत. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर रायझन ७००० आणि ९००० मालिकेच्या नेहमीच्या प्रोसेसरांना २८ लेन असतात. चार चिपसेटकडे (बोर्डावरच्या बाकी जोडण्या सांभाळणाऱ्या चिपकडे) जातात, उरतात २४. त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डाच्या, ४ पहिल्या एम.२ च्या, आणि शेवटच्या चारांवरून खरी ओढाताण होते. एक्स८७० आणि एक्स८७०ई या चिपसेटच्या बोर्डांवर यूएसबी४ सक्तीचं आहे, त्याचा कंट्रोलर या चार लेनवर बसतो. मग ‘पाचव्या पिढीचे तीन एम.२ स्लॉट’ असं लिहिलेल्या बोर्डाने बाकीच्या लेन आणल्या कुठून? कुठूनच नाही. काही बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की यूएसबी४ चा वेग अर्धा होतो किंवा ते बंदच पडतं. काहींवर ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेनमधून ८ काढून घेतल्या जातात. इंटेलच्या झेड७९० वरही तीच गत. त्यावर बसणाऱ्या एलजीए१७०० सॉकेटच्या प्रोसेसरांकडे एम.२ साठी चौथ्या पिढीच्याच ४ लेन आहेत, त्यामुळे पाचव्या पिढीचा एम.२ स्लॉट दिला असेल तर तो ग्राफिक्स कार्डाच्या वाट्यातूनच येतो. झेड८९० वर मात्र प्रोसेसरकडूनच पाचव्या पिढीच्या ४ जादा लेन मिळतात. तिथे पहिली वेगवान एसएसडी कुणाचं काही न हिरावता बसते.

कार्ड आठ लेनवर आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. कार्ड आणि स्लॉट दोन्ही पाचव्या पिढीचे असतील तर आठ लेन म्हणजे चौथ्या पिढीच्या सोळा, आणि बहुतेक खेळांना फरक कळतसुद्धा नाही. त्रास होतो तो जुन्या पिढीच्या कार्डाला, किंवा व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) कमी असलेल्या कार्डाला. व्हीरॅम भरली की डेटा सारखा रॅमकडून कार्डाकडे ये-जा करतो आणि तेव्हा अरुंद रस्ता जाणवतो. कार्ड खरंच किती लेनवर चालतंय हे पाहायला जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यातली ‘बस इंटरफेस’ ही ओळ कार्डावर भार टाकून वाचा, कारण निवांत असताना कार्ड वीज वाचवायला खालच्या पिढीचा वेग दाखवतं.

बाकीचे एम.२, साटा, नेटवर्क, बरेचसे यूएसबी हे सगळं चिपसेटवर लटकलेलं असतं आणि चिपसेटपासून प्रोसेसरपर्यंत एकच नळ असतो. एएमडीकडे चौथ्या पिढीच्या चार लेनचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी. इंटेलच्या झेड७९० आणि झेड८९० वर आठ लेनचा, त्याच्या दुप्पट. एक्स८७०ई मध्ये दोन चिप असतात, पण दुसरी पहिलीच्या मागे जोडलेली असते. पोर्ट वाढतात, नळ तेवढाच राहतो. म्हणून विंडोज आणि नेहमीचे खेळ ज्या एसएसडीवर आहेत ती प्रोसेसरच्या लगतच्या स्लॉटमध्ये घाला आणि साठवणीच्या खाली. आणि सेकंदाला १४ जीबीच्या वेगाची एसएसडी केवळ खेळांसाठी घेत असाल तर थांबा. चौथ्या पिढीच्या चांगल्या एसएसडीच्या तुलनेत खेळ उघडण्याच्या वेळेत जेमतेम फरक पडतो, उष्णता मात्र बरीच वाढते.

एम.२ चा हीटसिंक बसवताना थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. वरच्या बोर्डांवर स्लॉटच्या तळाशीही पॅड असतो, त्यावरही फिल्म असते. एसएसडी कॉपी करताना सुरुवातीला जोरात आणि मिनिटभरात मंद होत असेल तर आधी तिथे पाहा.

फेजची गंमत

‘२०+२+२ फेज, ११० अँपिअर’ हा आकडा छाती दडपवायला छान आहे. प्रोसेसरला लागतं तेवढं व्होल्टेज करून देणाऱ्या वीजमार्गांना फेज म्हणतात आणि त्यातल्या चिपला पॉवर स्टेज. हिशेब करून पाहू. एएम५ वरच्या १७० वॉट वर्गातल्या प्रोसेसरची सॉकेट-मर्यादा २३० वॉट. व्होल्टेज १.२ धरलं तर प्रवाह झाला साधारण १९० अँपिअर. वीस पॉवर स्टेजमध्ये वाटला तर प्रत्येकी दहासुद्धा नाही. म्हणजे कागदावरची क्षमता २२०० अँपिअर आणि गरज १९० ची! खेळताना तर गरज याहूनही कमी असते. रायझन ७ ७८००एक्स३डी सारखा प्रोसेसर शंभर वॉटही ओढत नाही.

मग जास्त स्टेजचा उपयोग काय? थंडावा. प्रत्येक स्टेजवर भार कमी असला की ती कमी तापते आणि वीज वाया कमी जाते. २३० वॉट पुरवताना कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी २५ वॉट उष्णता व्हीआरएममध्येच, म्हणजे बोर्डाच्या या वीजपुरवठ्याच्या भागातच, तयार होते. ती बाहेर काढायला हीटसिंक लागतो, आणि इथे वजनापेक्षा पृष्ठभाग मोलाचा. धातूचा गुळगुळीत ठोकळा आणि त्यावर चमकता लोगो, यापेक्षा खरे काप असलेला, दोन्ही बाजू हीटपाइपने जोडलेला हीटसिंक बरा. आणखी एक गोष्ट विसरली जाते. एआयओ लिक्विड कूलर बसवला की सॉकेटजवळचा पंखा जातो आणि त्याच्यासोबत व्हीआरएमवरून जाणारा वाराही. मग केसच्या मागच्या पंख्यावर सगळी भिस्त. तो काढून टाकू नका.

स्टेजची संख्या आणि फेजची संख्या एकच नसते हेही ध्यानात असू द्या. बऱ्याच बोर्डांवर दोन-दोन स्टेज एकाच सिग्नलवर चालतात, म्हणजे १६ लिहिलेलं प्रत्यक्षात ८ असतं. यात फसवणूक अशी काही नाही, ती रचना नीट चालते. फक्त दोन बोर्डांची तुलना त्या एका आकड्यावर करू नये.

वर डावीकडे प्रोसेसरसाठी ८ पिनचे दोन सॉकेट दिसतील. एक पूर्ण भरला की खेळाच्या संगणकाला पुरतं. दुसऱ्यासाठी केबल असेल तर जोडा, नसेल तर अडत नाही. मात्र त्यात ग्राफिक्स कार्डाची ६+२ ची केबल कोंबायची नाही. आकार जवळपास सारखा असला तरी १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट आहेत. प्रोसेसरची केबल ४+४ अशी दुभंगते, ही तिची खूण. दुसऱ्या पॉवर सप्लायच्या उरलेल्या मॉड्युलर केबलही वापरू नका, सप्लायच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते.

रॅम

महाग बोर्डाचे आठ-दहा थरांचे पीसीबी (छापील सर्किटचे फलक) इथे कामाला येतात, पण गंमत अशी की रॅमच्या वेगाचे सर्वांत वरचे आकडे चार नव्हे, दोनच स्लॉट असलेल्या बोर्डांवर निघतात. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅमच्या दोन चॅनेलपैकी (मार्गांपैकी) प्रत्येकाची तार आधी एका स्लॉटला आणि मग पुढच्याला जाते. शेवटचा स्लॉट रिकामा ठेवला तर तारेचं ते टोक मोकळं राहतं आणि सिग्नल तिथून परत फिरून गोंधळ घालतो. म्हणूनच दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच घालायच्या.

एएम५ वर डीडीआर५-६००० चा, सीएल३० चा (सीएल म्हणजे रॅमच्या प्रतिसादाचा विलंब) दोन स्टिकचा संच घ्या आणि विषय संपवा. त्या वेगापर्यंत मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने चालतो, बराच पुढे गेलं की तो अर्ध्या वेगावर उतरतो आणि मोठ्या आकड्याचा फायदा तिथेच विरतो. चार स्टिक भरल्या तर रायझन ७००० आणि ९००० ची अधिकृत हमी डीडीआर५-३६०० पर्यंतच आहे. काही जणांचं ६००० ला चालतं, पण ते नशीब. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळा, पंखे फिरताहेत, रॅमचा दिवा पेटलेला: हे बिघाडाचं लक्षण असेलच असं नाही. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःला जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात, मोठ्या क्षमतेच्या चार स्टिकना दहा मिनिटांच्या वरही. या काळात घाबरून वीज तोडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही काही नाही तर सीमॉस क्लिअर करून (बायोसची सेटिंग पुसून) प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच स्टिक घालून पाहा.

बायोस आणि बिघाड शोधणं

महाग बोर्डाचे पैसे सर्वांत जास्त वसूल होतात ते इथे, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन आकड्यांचा डिबग डिस्प्ले, मागच्या बाजूला सीमॉस क्लिअरचं बटण आणि बायोस फ्लॅशबॅक (बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, थेट पेनड्राइव्हवरून बदलण्याची सोय) या तीन गोष्टी असतील तर अर्धा दिवस वाचतो. ५५ दिसलं तर रॅम सापडत नाही, डी६ म्हणजे चित्र दाखवायला काही मिळत नाही, आणि एए दिसला तर बोर्डाने त्याचं काम संपवून विंडोजकडे सोपवलेलं आहे. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण तक्ता असतो. स्वस्त बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार दिवे असतात, तेही बऱ्यापैकी पुरतात.

फ्लॅशबॅकसाठी प्रोसेसर किंवा रॅम बसवलेली असण्याची गरज नाही. नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू येत नसेल तेव्हा हाच मार्ग. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसची फाइल अनझिप करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या नेमक्या नावाने बदलून टाका, मागच्या बाजूच्या खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावा, २४ पिन आणि ८ पिन जोडून सप्लाय चालू ठेवा, संगणक बंदच राहू द्या आणि बटण सुमारे तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकत राहिला पाहिजे. काही सेकंदांतच थांबला तर फाइलचं नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट यांतलं काहीतरी चुकलंय.

चालू संगणकाचा बायोस बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. बायोस बदलताना एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षा-किल्ल्यांचा साठा) पुसला जाऊ शकतो आणि मग विंडोज ती की मागतं, नसेल तर डेटा गेला. शिवाय एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमची प्रोफाइल), पंख्यांचे कर्व्ह आणि कर्व्ह ऑप्टिमायझरचे (प्रोसेसरचं व्होल्टेज जुळवणाऱ्या सेटिंगचे) आकडे मूळ पदावर जातात, त्यांचे फोटो आधी काढून ठेवावेत. सिक्युअर बूट चालू आहे ना तेही पाहा. व्हॅलोरंटसारख्या खेळांना विंडोज ११ वर ते आणि टीपीएम २.० दोन्ही लागतं.

‘चाललंय ना, मग बायोस कशाला बदलायचा’ हा जुना सल्ला आता लागू नाही. २०२३ मध्ये काही एएम५ प्रोसेसर, त्यातही एक्स३डी, जळाल्यावर एएमडीने एजेसा (बोर्डांच्या बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.०.०.७ मधून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीत जादा व्होल्टेजने प्रोसेसर झिजण्याचा प्रकार उघड झाला आणि २०२४ मध्ये आधी ०एक्स१२९, मग ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या अंतर्गत सुधारणा) आले. झिजलेला प्रोसेसर त्याने दुरुस्त होत नाही, पुढची झीज टळते एवढंच. वरच्या वर्गातले बोर्ड कारखान्यातूनच वीजमर्यादा ४०९५ वॉट, म्हणजे मर्यादाच नाही, अशी ठेवून येत होते. इंटेलच्या १४९००के या प्रोसेसरचा अधिकृत आकडा २५३ आहे. बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा, खेळात काही गमावत नाही.

उरलेलं थोडक्यात

दहा गिगाबिट लॅन घरात तेवढा वेगवान स्विच किंवा सर्व्हर असेल तरच कामाचं, गेमच्या पिंगला त्याचा काही उपयोग नाही. वाय-फाय ७ चं कार्ड असलं तर त्याचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज ११ बसवताना इंटरनेट मागतं आणि तेव्हा कार्ड ओळखलेलं नसतं. ऑडिओ चिपसाठी वरचा बोर्ड घेऊ नये, त्या फरकात वेगळा यूएसबी डॅक (आवाजाचं बाहेरचं उपकरण) येतो.

एआरजीबी दिव्यांचा हेडर ५ व्होल्टचा, तीन पिनचा. साध्या आरजीबीचा १२ व्होल्टचा, चार पिनचा. पहिल्याची पट्टी दुसऱ्यावर जोर लावून बसवली की क्षणात जळते. पंख्याचा साधा हेडर बहुतेक १ अँपिअरचा असतो, त्यावर स्प्लिटर लावून सहा पंखे ओढू नका. पंप वेगळ्या हेडरवर, पूर्ण वेगात.

ई-एटीएक्स म्हटलं तरी रुंदी बोर्डागणिक निराळी. साधा एटीएक्स २४४ मिलिमीटर रुंद, बरेच वरचे बोर्ड २७७ चे. केसमध्ये तेवढा बोर्ड मावला तरी केबल घालायची भोकं झाकली जातात. स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते केसमधले छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना ते मोजून घ्या, एखादा जादा राहिला तर मागून शॉर्ट होतो.

आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. प्रोसेसर बसवून पट्टी दाबली की ते आपोआप उडतं आणि बहुतेकदा कचऱ्यात जातं. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते लावूनच पाठवावं लागतं. उघड्या सॉकेटची एक पिन वाटेत वाकली, तरी तो ग्राहकाने केलेला बिघाड धरला जातो आणि दावा फेटाळतात.