काळ्या मसाल्याशी मीडचं जमत नाही

माझा धाकटा दीर पिट्सबर्गला असतो आणि हौसेनं घरी मीड करतो. मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट. द्राक्षांऐवजी मधाची वाइन म्हणा. तिकडे घरात दोन मोठी माणसं असली की स्वतःपुरती वर्षाला 200 गॅलनपर्यंत करायला मुभा आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही, तेव्हा लातूरच्या स्वयंपाकघरात माझ्याकडे फक्त खाण्याचं खातं. विमानानं येताना माणशी 2 लिटर आणता येतात, तेवढी तो आणतो. यंदाची संत्र्याच्या फुलांच्या मधाची, दालचिनी, लवंग आणि आलं घातलेली. अल्कोहोल 12 टक्क्यांच्या आसपास, गोडी बेताची. सासूबाईंनी नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "काढा दिसायलाय."

दिराचा हट्ट मटणाचा. "वहिनी, ही मसाल्याची आहे, मग आपलं काळ्या मसाल्याचंच करा की." केलं. रश्श्यात लवंग, ग्लासात लवंग. दोन घोटांनंतर तोंडात तेवढीच उरली. दगडफूल, भाजलेलं खोबरं, तीळ, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण मसाला कुटतो, ती सगळी गायब. शिवाय अल्कोहोलनं तिखट जास्तच झोंबतं. गोडीनं ते जरा आवरतं, पण तर्रीपुढे एवढ्याशा गोडीचं काय चालणार? दिरानं मात्र दोन्ही संपवलं.

खरं जमलं ते धपाट्यांशी. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, भरपूर लसूण, तीळ, ओवा, तिखट बेतानं. ओल्या फडक्यावर थापायचे आणि काळे डाग पडेस्तोवर खमंग भाजायचे. सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी, मीठ किंचित चढं. त्या भाजक्या, खारट घासावर मीड घेतली की मधाचा वास एकदम मोकळा होतो. दही तिखटाला धरून ठेवतं, आणि ग्लासातल्या दालचिनीला ताटात कुणी भाऊबंद नसल्यामुळे ती निवांत लागते. बाटली फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची; फार गार असली की मधाचा वासच बसतो.

रानात हुरड्यासोबतही छान लागली, फक्त गूळ बाजूला ठेवायचा. ताटातलं पेयापेक्षा गोड असलं की पेय आंबट लागतं. पुरणपोळीसोबत तर ती मीड वाटतच नव्हती.

आता माझ्या डोक्यात वेळ अमावस्येची, म्हणजे आमच्याकडच्या रानात जेवायच्या सणाची, भज्जी आहे. त्या दिवशीची नव्हे हो, दुसऱ्या दिवशी उरलेली, मुरलेली. तुरीचे-वाटाण्याचे कोवळे दाणे, हरभरा, पालेभाजी, बेसन आणि चिंचेचा आंबटपणा. गरम मसाल्याचा फारसा संबंध नाही. म्हणून दिराला सांगितलंय, पुढच्या खेपेला लवंग वगळ, आलं वाढव. तो म्हणतो, लवंगेशिवाय थंडीत प्यायला मजा काय? लातुरात थंडी पडते ती केवढी, ते तो बहुतेक विसरलाय.