सोलापूरचा मे महिना आणि अण्णांचा पॅच

अण्णांच्या छातीवर पहिला पॅच लावला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्याशा चिकटपट्टीनं काय होणार गं?" प्रश्न माझ्याही मनात होताच. तंबाखूनं गालात सुरू झालेला कॅन्सर जबड्याच्या हाडात उतरला होता. दर चार तासांनी मॉर्फिनची १० मिलीग्रॅमची गोळी देत होतो, पुढे तीही गिळता येईना. सगळा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस रात्री उशीत तोंड खुपसून कण्हायचा. तेव्हा डॉक्टरांनी फेंटानिलचा पॅच लिहून दिला.

चिठ्ठी घेऊन मी सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत सहा दुकानं पालथी घातली. "नार्कोटिक आहे ताई, आम्ही ठेवत नाही." एकानं तर चिठ्ठी अशी परत केली, जणू मी गांजाच मागितला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची धास्ती इतकी बसली की खऱ्या रुग्णांनाही ही औषधं मिळेनात. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल धरून सहा औषधं अत्यावश्यक ठरवली. धास्ती मात्र दुकानात तशीच बसून आहे. शेवटी एका रुग्णालयाच्या औषध विभागात पॅच मिळाले. पाच नग, म्हणजे पंधरा दिवसांची सोय. रजिस्टरात सही, आधारची झेरॉक्स, आणि वापरलेले पॅच मोजून परत आणायची अट.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचून आधी हिशेबच मांडला. तासाला २५ मायक्रोग्रॅम, ७२ तास. तीन दिवसांत १८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम १.८ मिलीग्रॅम. मॉर्फिन रोज ६० मिलीग्रॅम जात होतं, तीन दिवसांचं १८०. शंभरपट फरक! वर्गात कुणी असं उत्तर काढलं असतं तर मी दशांशचिन्ह तपासायला लावलं असतं. पण उत्तर बरोबर होतं. दोन्ही औषधं मेंदूत आणि मज्जारज्जूत एकाच कुलपाला लागतात. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, म्हणून ते कातडीतून आत शिरतं आणि मेंदूतही चटकन पोचतं. मॉर्फिन अफूच्या बोंडातून येतं, फेंटानिलला मात्र अफूचा थेंब लागत नाही. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी ते १९६० मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. आधी ते शस्त्रक्रियेतल्या भुलीसाठी, शिरेतून द्यायचे. पॅच बाजारात यायला १९९० चं दशक उजाडलं.

आमच्या पुण्याच्या भाच्यानं लगेच अमेरिकेतल्या बातम्या पाठवल्या. मावशी, लोक मरतायत याच औषधानं. मरतात ते चोरून बनवलेल्या, कशात किती मिसळलंय ते न कळणाऱ्या पावडरीनं, हे त्याला समजावता समजावता माझा अर्धा रविवार गेला. अण्णांना सवय लागेल, ही तर सगळ्या नातेवाइकांची काळजी. त्र्याहत्तर वर्षांच्या, पेजेवर जगणाऱ्या माणसाला कसली सवय लागणार होती, कोण जाणे.

पॅच लावल्या लावल्या गुण येत नाही. औषध आधी कातडीखाली साठतं, पूर्ण जोर यायला १२ ते २४ तास लागतात. म्हणून पहिला अर्धा दिवस मॉर्फिन पातळ करून नळीतून देत राहिलो. दुसऱ्या रात्री अण्णा सलग पाच तास झोपले. आईनं त्या रात्री विड्या वळायचं सूप बाजूला ठेवलं आणि तीही झोपली.

बद्धकोष्ठतेनं मात्र पिच्छा सोडला नाही. आई इसबगोल भिजवायला निघाली होती, डॉक्टरांनी अडवलं. पाणी पोटात जात नसेल तर ते आतच घट्ट बसतं. रोज जुलाबाचं औषध, ठरलेलं.

आणि मग मे. पारा ४३ वर, विडी घरकुलातली आमची स्लॅब संध्याकाळी सातलाही तापलेली, त्यात वीज गेलेली. घामानं पॅचच्या कडा सुटायच्या, त्यावर मी टेप लावायची. पॅचला उष्णता लागली की औषध भराभर शोषलं जातं, हे माहितीपत्रकात बारीक इंग्रजीत होतं. मी ते वाचलंही होतं. आईला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात पॅच पाठीवर, खांद्याखाली होता. अण्णांची पाठ धरली म्हणून आईनं गरम पाण्याची पिशवी नेमकी तिथेच ठेवली. शेकण्यावर तिचा विश्वास बाराही महिने सारखाच.

मी शाळेतून आले तेव्हा अण्णा गाढ झोपलेले, जरा जास्तच गाढ. हाक मारली तर डोळे किलकिले करून पुन्हा मिटायचे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला सात. डॉक्टर फोनवर म्हणाले, पॅच काढा, पुसून घ्या, झोपू देऊ नका, बोलत राहा, लगेच आणा. रिक्षात मी अण्णांना यंत्रमागाच्या सगळ्या मालकांची नावं क्रमानं विचारत होते. तिसऱ्या नावाशी ते शिवी देण्याइतके जागे झाले.

तिथे फेंटानिलचा असर उतरवणारं नॅलोक्झोन दिलं, तेही थोडं थोडं. एकदम दिलं असतं तर श्वासाबरोबर वेदनाही पुरती परत आली असती. तासाभरात अण्णा बोलायला लागले. मला वाटलं, चला घरी. नर्स म्हणाली, नॅलोक्झोन लवकर उतरतं, कातडीखालचं फेंटानिल नाही. पॅच काढल्यावरही निम्मं उतरायला सतरा-अठरा तास जातात. रात्रभर थांबलो. आई कोपऱ्यात बसून होती, पिशवी अजून हातातच.

दोन दिवसांनी पुन्हा २५ चाच पॅच लावला, छातीवर. फ्रीजच्या दारावर मी मोठ्या मराठी अक्षरांत कागद चिकटवला: शेक नाही, ऊन नाही, ताप आला तर फोन, पॅच कापायचा नाही, काढलेला चिकट बाजू आत घडी घालून डब्यात. तीन दिवसांनंतरही त्यात औषध उरतं, आणि शेजारच्या पद्मक्कांची नात जमिनीवरचं काहीही तोंडात घालते.

आषाढात मी डबा घेऊन शेवटची गेले. घडी केलेले तीन, न फोडलेले दोन. खिडकीतल्या मुलानं मोजले, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. 'शिल्लक' या रकान्यात त्यानं २ लिहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सहीसाठी पेन पुढे केलं.