नायलॉनपासून रेडियलपर्यंत: आमची वाटचाल

१९८६ साली वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंक्चरचं दुकान टाकलं. एक कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी आणि टायर रिमवरून उचकटायच्या दोन टॉम्या, एवढंच भांडवल. दारात यायच्या त्या अँबॅसिडर, पद्मिनी आणि जीप. पद्मिनीला ५.२०-१४, अँबॅसिडरला ५.९०-१५ (आधी टायरची रुंदी, मग रिमचं माप, दोन्ही इंचांत), हे आकडे मी पाढ्यांबरोबरच पाठ केले. टायर सगळे नायलॉनचे, म्हणजे आतले धागे तिरपे विणलेले, आणि आत ट्यूब.

पुढे रस्ते मारुतीने भरले. आधी पद्मिनी बनायची बंद झाली, २०१४ मध्ये अँबॅसिडरही. जुन्या मापाचे टायर मिळेनासे झाले, आणि आपापल्या वडिलांची गाडी जपणारी माणसं मात्र आमच्याकडेच यायची. त्यांच्यासाठी माप शोधणं हाच हळूहळू आमचा मुख्य धंदा झाला.

२००९ ची एक चूक मी अजून विसरलेलो नाही. एका निवृत्त गुरुजींच्या पद्मिनीला आम्ही १५५/६५ आर १४ बसवले, म्हणजे १५५ मिलिमीटर रुंद, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम १४ इंची. दुकानात तेच होते, रिमवर नीट चढले, एवढंच बघितलं. गुरुजी गगनबावड्याला जाऊन आले ते थेट दुकानात. "गाडी बसल्यासारखी वाटते रे, आणि इंजिन ओरडतंय." मोजलं. ५.२०-१४ च्या जागी चालणारा १४५ आर १४ सुमारे ५९३ मिलिमीटर उंच असतो, आमचा भरला ५५७. काटा ६० दाखवायचा तेव्हा गाडी ५६ ने पळत होती. टायर काढून घेतले, पैसे परत केले. आकड्यातल्या शेवटच्या १४ ने फक्त रिम जुळते. चाकाची उंची जुळवायला रुंदी आणि साइडवॉल दोन्ही धरावे लागतात. तेव्हापासून उंचीत तीन टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर आम्ही टायर देत नाही.

ट्यूबलेसचा हट्टही आम्ही पुरवत नाही. जुन्या रिमला टायरची बीड, म्हणजे रिमवर बसणारी आतली कड, धरून ठेवणारा उंचवटा नसतो. हवा कमी असताना जोरात वळलात तर बीड सुटते. रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे असलेला टायर) घाला, पण आत रेडियलचीच ट्यूब हवी. आणि चारही चाकं एकदम बदला. पुढे रेडियल, मागे नायलॉन असेल तर ओल्या वळणावर मागची बाजू आधी घसरते.

रिमचं काम मला सगळ्यात आवडतं. लेथवर फिरवून डगमग बघायची, काठ ठोकून सरळ करायचा, गंज काढून रंग द्यायचा. नट जिथे बसतो ती वाटी मात्र कोरी ठेवायची. तिथे जाड रंग राहिला की तो दबतो आणि आवळलेला नट शंभर किलोमीटरमध्ये सैल पडतो. रंगकाम बाहेरून करून आणलेल्या रिमा आम्ही आधी तिथेच खरवडतो.

हौसेची गाडी वर्षात फार पळत नाही, म्हणून टायरची नक्षी नवी दिसते आणि माणूस फसतो. साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बीडजवळ केसासारख्या भेगा असतील, नख रुतत नसेल, तर नक्षी कितीही असो, तो टायर गेला.

गेल्या दिवाळीत गुरुजींची मुलगी तीच पद्मिनी घेऊन आली. चार टायर बदलले. स्टेपनीवर अजून आमच्या वडिलांनी चढवलेला नायलॉनचा टायर होता, दगडासारखा कडक. तोही काढून नवा घातला. जुना भंगारात टाकू का म्हणून विचारलं, तर ताई म्हणाल्या, "नको, डिकीत ठेवा." ठेवला.