जावं की राहावं: या आठवड्याची रोजनिशी

रविवार, दुपार

मुंबईचं पक्कं उत्तर परवा आलं. लोअर परळला ऑफिस आहे. घरगुती कापडाचा एक्स्पोर्ट करणारी कंपनी, डिझाइन विभागात जागा, हातात महिना 46 हजार. इथं सोलापुरात मला 21 मिळतात. हो की नाही ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. म्हणून आठवडाभर रोज रात्री थोडं लिहायचं ठरवलंय. नुसतं डोक्यात घोळवत बसलं की तेच ते फिरून येतं.

आधी पैसे, म्हणजे तो विषय संपेल. ताईची एक मैत्रीण डोंबिवलीत असते. तिनं खोली बघून ठेवलीय. तिघींत मिळून, माझ्या वाट्याला 8 हजार, डिपॉझिट वेगळं. डब्याचे 4 धरले. लोकलचा पास, फोन, आजारपण, अडीनडीला आणखी 5. म्हणजे 17 गेले, 29 राहिले. त्यातले 15 घरी पाठवले तरी 14 मागं पडतात. इथं राहून असा हिशेब कधी जमला नाही आणि जमेल असं दिसतही नाही. पैशाच्या बाजूनं तरी प्रश्न नाही.

सोमवार, रात्र

आज कारखान्यात दिवसभर नावं बदलली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना आधी चादरी काढायचा, आता बरेचसे माग टॉवेल-नॅपकिनवर गेलेत. सत्काराचे टॉवेल, सोसायट्यांचे टॉवेल, लॉजचे टॉवेल. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नाव विणून द्यायचं. किनार तीच, मोर तोच, फक्त मधली अक्षरं वेगळी. एक नाव बसवायला मला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात नवीन काही शिकायला मिळत नाही.

आमच्या डिझाइन मास्तरांनी हेच काम ग्राफ पेपरवर केलंय. एक चौकोन म्हणजे एक ताण्याची उभी तार आणि एक बाण्याचा आडवा धागा. रंगीत पेन्सिलीनं चौकोन भरायचे, त्यावरून कार्डाला भोकं पाडायची, कार्डं ओळीनं शिवून मागावर चढवायची. एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक. आता माझी फाइल तयार झाली की इलेक्ट्रॉनिक जकार्डवर थेट जाते. तरी मास्तरांनी मला पहिले सहा महिने पेन्सिल धरायला लावली, आणि ते बरं झालं. स्क्रीनवर चौकोन दिसतो तेव्हा मला त्यामागची तार दिसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक नवीन किनार काढली होती. ज्वारीची कणसं, मालदांडीची, दाणे भरलेली आणि जरा वाकलेली. आपल्याकडं मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभी असतात तशी. मालकांना दाखवली. त्यांना इतकी आवडली की एक नमुना काढायला लावला आणि ऑफिसच्या भिंतीवर लावला. पुढं काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, “पोरी, व्यापारी मोर मागतोय. मी कणसं कुणाला विकू?”

त्यांचं खोटं नाही, हेही लिहायला पाहिजे. सुताचा भाव त्यांच्या हातात नाही, विजेचं बिल हातात नाही. सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेललाही मिळालं, तरी बाहेरून आलेला स्वस्त माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो. गिऱ्हाईक हातात घेऊन वजन बघत नाही, किंमत बघतं. अशा वेळी चाळीस माणसांचा पगार काढणारा माणूस नव्या डिझाइनवर बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, अडकवून ठेवत नाही. मला ते कळतं. पण मी सत्तावीस वर्षांची आहे, आणि पुढची दहा वर्षं मोराच्या पोटात नावं भरत बसायचं का, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

मंगळवार

आज सगळ्यांचे सल्ले. काकू म्हणाल्या, आधी लग्न, मग मुंबई. समोरच्या मावशी म्हणाल्या, “जायलीस का? जा. इथं काय ठेवलंय?” वर्गातल्या मैत्रिणी हिंजवडी-खराडीला आहेत, त्यांचं म्हणणं पुण्यालाच ये, सुट्टीला एकत्र घरी येऊ. पुण्यात माझ्या कामाच्या जागा कुठं आहेत ते त्यांना माहीत नाही, मलाही सापडल्या नाहीत.

“इथं काय ठेवलंय” हे वाक्य मला फार लागतं. ज्यानं त्यानं उठून हे म्हणायचं आणि पोरांनी ते ऐकत मोठं व्हायचं. माझं काम मी इथंच शिकले, दुसरीकडं कुठं नाही.

बुधवार, रात्र उशिरा

झोप येत नाही, उकाडा आहे. संध्याकाळनंतरही भिंती तापलेल्याच.

आजोबांचा विचार येतोय. 1972 च्या दुष्काळात ते गाव सोडून सोलापुरात आले आणि लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले. त्यांच्यासाठी मोठं शहर म्हणजे सोलापूर. इथं 1877 ला ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली, मागून बाकीच्या आल्या, आणि तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं कामासाठी येत राहिली. आमच्या गल्लीत आजही एका घरात तेलुगू, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात उर्दू, आणि भांडण मात्र मराठीत. या गल्लीतलं कुणीच मुळात इथलं नाही. सगळे पोटामागं आलेत. मग मी निघाले तर घराण्यात पहिल्यांदाच काही घडतंय असं आई का बोलते?

नव्वदच्या दशकात आजोबांची मिल बंद पडली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तोवर यंत्रमागावर लागले होते.

मुलाखतीला गेले तेव्हा बघितलं, ते ऑफिसही एका जुन्या मिलच्या आवारातच आहे. काचेच्या इमारती, खाली हॉटेलं, आणि मधे जुनी दगडी भिंत आणि चिमणी तेवढी ठेवलेली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली होती. त्यातल्या कितीतरी जणांना ते काम परत मिळालं नाही. मी त्या जागेत कापडाचंच काम करायला जाणार, फक्त कापड तिथं विणलं जाणार नाही. हे मला बरं वाटत नाही, आणि नोकरी नाकारावी इतकं वाईटही वाटत नाही. दोन्ही आहे.

मुलाखतीतली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मी ज्वारीच्या कणसांचा घरचा ग्राफ पेपर नेला होता. तिथल्या मुख्य डिझायनर बाईंनी तो खिडकीजवळ उजेडात नेला, चष्मा वर केला, आणि एका कणसाच्या देठावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथं तार फार लांब मोकळी राहील. धुताना बांगडीत अडकेल.” बरोबर होतं. मास्तरांनी पाहिलं होतं, मालकांनी पाहिलं होतं, मी शंभरदा पाहिलं होतं. मग त्यांनी पेन्सिल माझ्याकडं दिली, आणि देठ कसा तोडून परत जोडायचा यावर आम्ही बराच वेळ बोललो. पगाराचा आकडा त्यानंतर निघाला. मला जावंसं वाटलं ते त्या खिडकीपाशी.

गुरुवार

आता खरं अवघड.

अण्णांना ऐकू येत नाही. एकदम बंद नाही, पण जवळजवळ. आयुष्यभर बारा-बारा तासांच्या पाळ्या, दिवसाची नाही तर रात्रीची, दोन्ही बाजूंना माग आणि डोक्यात खटखट. कारखान्यात माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलतात, त्यामुळं ऐकू येणं कमी झालंय हे त्यांना स्वतःलाही उशिरा कळलं. डॉक्टर म्हणाले, आवाजानं आतली नस गेली की परत येत नाही.

आमच्या घरात त्यामुळं काही रीती पडल्यात. अण्णांशी बोलायचं तर समोर बसायचं, तोंडावर उजेड पाहिजे, घास तोंडात ठेवून बोलायचं नाही. ते ओठ वाचतात. लाइट गेली की अण्णांचं आणि आमचं बोलणं थांबतं, लाइट आली की अर्ध्या वाक्यापासून पुढं. कानाचं मशीन घेतलंय, कपाटात पडलंय. लावलं की शिट्टी वाजते, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, आणि माणसाचा आवाज तेवढा येत नाही.

फोनवर ते बोलतच नाहीत. ताई सासरी गेली तेव्हापासून तिची खुशाली त्यांना आई सांगते. ताई जुळे सोलापुरात आहे, आठवड्यातून एकदा येऊन समोर बसते, म्हणून चालतं. मी मुंबईत गेले तर?

आज जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटवरून व्हिडिओ कॉल लावला. आईनं फोन अण्णांसमोर धरला. पहिल्यांदा काही जमलं नाही, उन्हामुळं माझं तोंड काळं दिसत होतं. मी शेडमध्ये गेले, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि हळू बोलले. “जेवलात का?” त्यांनी मान हलवली. “भाजी काय होती?” “वांगं,” म्हणाले. मग चित्र अडकलं. ओठ थांबले की त्यांच्यासाठी सगळंच थांबतं. ते फोनकडं बघत राहिले, आई मागून म्हणत होती, अहो नेट गेलं, आणि तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

रात्री बराच वेळ यावरच विचार केला. मशीन दुकानदारानं एकदा बसवून दिलं, नंतर परत कुणी तपासलं नाही. ते कानाच्या मोजणीप्रमाणं दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं, हे मला आता वाचून कळलं. ते आधी करून घ्यायचं. जायचं असो नाहीतर राहायचं असो, ते करायचंच.

शुक्रवार

पाणी रात्री दोनला आलं. चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा झोप बाजूला ठेवावीच लागते. मोटार, टाकी, पिंप, वरचे हंडे. हे काम माझं आहे. आईला एप्रिल-मे म्हणजे युनिफॉर्मचा सीझन, शाळा सुरू होईपर्यंत ती मशीनवरून उठत नाही. भाऊजी म्हणाले, पाण्याच्या रात्री मी येत जाईन. ते येतील, शब्दाचे आहेत. हा प्रश्न सुटला.

शनिवार

अण्णांशी बोलले. मुद्दाम सकाळी, दारातल्या उजेडात.

मला वाटलं होतं ते खोलीचं विचारतील, सोबत कोण ते विचारतील. त्यांनी विचारलं, “तिथं माग दिसणार का तुला?”

मी सांगितलं, ऑफिसात माग नाही. कापड वापीजवळच्या युनिटमध्ये निघतं. मी मेलवर विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलंय की प्रत्येक सीझनला नमुने काढताना डिझायनरला दोन-तीन दिवस तिकडं पाठवतात.

“दोन दिवसांत काय दिसतंय?” म्हणाले. थोड्या वेळानं, “पहिला पीस निघताना तिथं उभी रहा. फोटो बघून पास करू नको. रंग मागावर वेगळा दिसतो, धुतल्यावर वेगळा.”

मग आपणहून कपाट उघडलं आणि मशीनची डबी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, “हे नीट करून आण. तुझं बोलणं ऐकायला पाहिजे मला.”

आई आत मशीनवर होती. तिची कॉलर शिवायची थांबली, एवढंच मला ऐकू आलं. ती अजून हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

रविवार, रात्र

जायचं ठरवलं.

मालकांनी कणसांची किनार बाजारात काढली असती तर मी राहिले असते, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. मला सोलापूर सुटायला नको होतं. शिकायला मिळणारं काम हवं होतं, आणि ते सध्या त्या खिडकीपाशी आहे. राहणाऱ्यांना मी कमी समजत नाही. माझ्याबरोबरची एक पोरगी आईच्या दुखण्यामुळं थांबलीय आणि घरून शिवणाचे क्लास चालवते, तिच्या हाताखालून निघालेल्या बायका आज युनिफॉर्मच्या कारखान्यांत आहेत. माझ्या घराला भाऊजी आहेत, ताई आहे, आईचा हात चालतोय. उद्या यातलं काही बदललं तर मी परत येईन. रात्री दादरला सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी सोलापूर, तेवढं अंतर आहे.

मेल पाठवला. 16 जूनपासून हजर होते असं लिहिलं. तोवर आईचा सीझन उरकेल आणि कानाच्या डॉक्टरांकडं अण्णांना निदान दोनदा नेता येईल. आमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी एक हुशार मुलगी आहे, तिला सॉफ्टवेअर शिकवायला मास्तर तयार आहेत. नाव बसवणं ती महिन्यात शिकेल. पण तिलाही आधी पेन्सिल धरायला लावा, असं मी मास्तरांना सांगणार आहे.

उद्या मालकांना सांगायचं. त्यांच्याकडं एकच मागणं आहे. देठाची तार मी दुरुस्त केलीय, फाइल तयार आहे. मी निघायच्या आत एखाद्या रात्रपाळीत एक माग मोकळा द्या आणि कणसांचे पन्नास टॉवेल काढू द्या, सुताचे आणि मजुरीचे पैसे मी देते. ते म्हणतील, पन्नास टॉवेल विकणार कुठं? त्याचं उत्तर मी अजून शोधतेय. अण्णा म्हणाले, मागापाशी मी थांबतो, तू बीमकडं बघ.