मायनस चाळीसमध्ये गाडी चालवणं सोपं, थांबवणं अवघड

आम्ही कॅनडातल्या एडमंटनहून ट्रक आणि त्याच्या हौद्यात बसवलेला कॅम्पर, म्हणजे झोपायची छोटी खोली, घेऊन भर हिवाळ्यात पार वर आर्क्टिक समुद्राकडे, इनुविक आणि टुकटोयाक्टुक या गावांपर्यंत जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीतले सगळे एकच विचारतात, बर्फावर गाडी घसरत नाही का गं? घसरते ना, पण मायनस दोनला जेवढी घसरते तेवढी मायनस पस्तीसला नाही घसरत. शून्याच्या आसपास बर्फ ओलसर असतो, तो खरा घातक, थंडी कडक झाली की तोच बर्फ कोरडा खडखडीत होतो, टायरखाली करकर वाजतो आणि बऱ्यापैकी पकड देतो. चांगले विंटर टायर, साठ-सत्तरचा स्पीड, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही, एवढं पाळलं की चालवणं हा त्या प्रवासातला सोपा भाग आहे. खरा प्रश्न गाडी थांबवल्यावर सुरू होतो. रात्री इंजिन बंद केलं तर सकाळी ते चालू होणार का? आमची सगळी तयारी या एका प्रश्नासाठी होती आणि म्हणून मी पण त्याबद्दलच लिहितेय, ऑरोराचे, म्हणजे उत्तरेच्या आकाशातल्या रंगीत उजेडाचे, फोटो नंतर कधीतरी टाकीन.

डिझेलपासून सुरू करते कारण सगळं येऊन तिथेच अडतं. डिझेलमध्ये मेण असतं, पॅराफिन. साधं उन्हाळी डिझेल शून्याच्या थोडं खाली गेलं की ढगाळ दिसायला लागतं, म्हणजे मेणाचे बारीक कण धरायला लागतात, अजून गार झालं की ते कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि फिल्टर बंद. टाकीत डिझेल आहे, बॅटरी टणटणीत आहे, पण इंजिनपर्यंत डिझेलच पोचत नाही. आपल्याकडे लडाखमध्ये ट्रकवाले टाकीखाली शेकोटी करायचे ते यासाठीच, आणि इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथे खास विंटर डिझेल आणलं ते पण यासाठीच, ते मायनस ३३ पर्यंत वाहतं. इकडे कॅनडात पंपावरचं डिझेल ऋतूप्रमाणे बदलतं, जसजसं उत्तरेला जाल तसतसं जास्त थंडीचं मिळतं. म्हणून नियम सरळ आहे, दक्षिणेचं डिझेल उत्तरेला न्यायचं नाही. आम्ही एडमंटनहून निघताना टाकी फुल केली नाही, लागेल तसं थोडं थोडं भरत गेलो आणि उत्तरेकडच्या युकॉन प्रांतातल्या व्हाइटहॉर्सला पोचताना टाकी जवळजवळ रिकामी राहील असं बघितलं, मग तिथलं डिझेल गळ्यापर्यंत भरलं. त्याच वेळी अँटी-जेल, म्हणजे मेण धरू न देणारं औषध, टाकलं. ते आधी टाकायचं असतं, मेण धरल्यावर ओतून काही उपयोग नाही, त्यासाठी वेगळी बाटली येते, ती पण एक सीटखाली होती.

बाबांचं कराडला डिझेलचं गॅरेज होतं, चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि टेम्पो दुरुस्त केले त्यांनी. निघायच्या आदल्या दिवशी फोन केला तर बाकी थंडीबिंडी काही नाही, थेट "फिल्टर किती घेतलेस गं?"
"तीन घेतलेत बाबा."
"आणि बदलता येतो ना तिथं उभं राहून? हातमोजे घालून?"
हातमोजे घालून हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आला पण लाखमोलाचा निघाला. त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये जाड मोजे घालून फिल्टर काढून-लावून बघितला, कुठला पाना लागतो, कुठे हात अडकतो, सगळं. मायनस पस्तीसला उघड्या हाताने लोखंड धरलं की कातडी चिकटते, आणि पंपावर डिझेल मोज्यावर सांडलं तर अजून वाईट, कारण ते त्या तापमानाला पण पातळच असतं आणि ओल्या मोज्यातून थंडी थेट बोटात शिरते, काही क्षणात बोटं पांढरी पडतात. म्हणून डिझेल भरायचे मोजे वेगळे, रबरी, आतून अस्तर असलेले, आणि ते केबिनमध्ये आणायचेच नाहीत.

आता गंमत बघा. आमचा ट्रक रॅम ३५००, ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन. यात पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल इंजिनकडे ढकलतो आणि उरलेलं गरम होऊन परत टाकीत येतं. म्हणजे गाडी चालू आहे तोवर टाकीला आपोआप शेक मिळत राहतो. कूलंट गरम, ऑइल पातळ, बॅटरी चार्ज होतेय, टायर गरम. बंद केलं की सगळं एकदम उलटं फिरतं. बॅटरीची ताकद मायनस १८ लाच जवळपास निम्मी होते, आणि नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. टायरचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो तसाच चपटा गोठतो, सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी धडधड धडधड करत जाते, चौकोनी चाकं लावल्यासारखी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी तुटलंय.

उपाय म्हणजे ब्लॉक हीटर. इंजिनच्या कूलंटमध्ये बसवलेली विजेची कॉइल, आमची साडेसातशे वॉटची, बंपरमधून तिचा प्लग बाहेर लोंबत असतो, इकडच्या गाड्यांना बघून भारतातून आलेले पाहुणे नेहमी विचारतात की ही इलेक्ट्रिक गाडी आहे का. व्हाइटहॉर्समध्ये पार्किंगच्या जागी खांबावर प्लग असतात, रात्री लावायचा. त्याला वायर पण थंडीची घ्यायची, साधी पीव्हीसीची एक्स्टेंशन कॉर्ड काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तडकते. शिवाय ऑइल पॅनला पॅड हीटर, बॅटरीला ब्लँकेट, ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, आणि कूलंट ६० टक्के ग्लायकॉल, कारण पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलं तर मायनस ३७ च्या आसपास गोठायला लागतं आणि आम्ही त्याच्या खाली जाणार होतो. धूर स्वच्छ करायला जो युरिया लागतो त्याची टाकी मायनस ११ ला गोठते, पण तिला स्वतःचा हीटर असतो, इंजिन चालू झालं की ती वितळते, तिची काळजी करायची नाही.

पण जिथे प्लगच नाही तिथे काय?

डेम्पस्टर हायवे डॉसन सिटीच्या अलीकडे साधारण ४० किलोमीटरवर सुरू होतो आणि इनुविकपर्यंत ७३६ किलोमीटर जातो. १९७९ मध्ये सुरू झाला. डांबर जवळपास नाहीच, जाड खडीचा भराव टाकून वर रस्ता केलाय कारण खाली कायम गोठलेली जमीन आहे, तिला रस्त्याची ऊब लागली तर ती वितळून रस्ताच खचेल. पहिलं डिझेल ३६९ किलोमीटरवर ईगल प्लेन्सला, मधे काही नाही, मोबाईलला रेंज नाही. टुंडरा, टूंबस्टोन डोंगरांचे काळे सुळके आणि एखादा कोल्हा. नाव ज्याच्यावरून पडलं तो विल्यम डेम्पस्टर पोलीस दलात होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघालेली चार जणांची तुकडी वाट चुकली, परत फिरायला उशीर झाला आणि चौघंही गेले, त्यांना शोधत जाणारा हा डेम्पस्टर. त्यांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनला आहेत, आम्ही जाऊन आलो. तिथून गेल्यावर डॅशबोर्डवरच्या तापमानाकडे बघायची नजरच बदलते.

ईगल प्लेन्सला पोचलो तर रस्ता बंद करणारं फाटक लावलेलं. पुढे रिचर्डसन डोंगररांगेत वारा सुटला होता, त्या पट्ट्याला इकडे हरिकेन ॲलीच म्हणतात, बर्फ उडून रस्ता आणि आभाळ एकच होतं आणि मोठे ट्रकसुद्धा उलटतात. वारा पडेपर्यंत थांबायचं, एक दिवस लागेल की तीन, कोणी सांगू शकत नाही. आवारात इनुविकला किराणा आणि सामान नेणारे मोठे ट्रक ओळीने उभे, सगळ्यांची इंजिनं रात्रभर चालू, सगळीकडे त्या धुराचं धुकं खाली बसलेलं. नवरा म्हणाला, "अगं आपण पण चालूच ठेवू की." मी नको म्हटलं. नवीन डिझेल इंजिन नुसतं हळू आयडलवर ठेवलं तर त्या थंडीत ते गरमच राहत नाही, उलट गार होत जातं, डिझेल अर्धवट जळतं आणि एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये काजळी साठते. ठेवायचंच तर आरपीएम वाढवून ठेवायचं, आणि पुढच्या जाळीवर कव्हर लावून.

आमच्याकडे कूलंट गरम करणारा छोटा डिझेल हीटर बसवलेला होता, तो ट्रकच्याच टाकीतून डिझेल घेतो आणि इंजिन बंद असताना गरम पाणी इंजिनभर फिरवतो. पहाटे चारचा टायमर लावला. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर, साठीचा माणूस, कित्येक वर्षं हाच रस्ता करणारा, त्याने अजून एक गोष्ट सांगितली जी मी आता सगळ्यांना सांगते, टाकी रात्रीच फुल करायची, सकाळी नाही. भरलेली टाकी हळू गार होते, आणि वर मोकळी हवा कमी राहते म्हणून आत दव धरत नाही. ते दवाचं पाणीच पुढे जाऊन फिल्टरमध्ये बर्फ होऊन बसतं. सकाळी मायनस ३८ होतं. वेट टू स्टार्टचा दिवा विझायची वाट बघितली, इनटेकमधली हवा गरम करणारा ग्रिड तेवढ्यात तापतो, मग चावी फिरवली आणि दुसऱ्या झटक्यात इंजिन बोललं. त्या आवाजाने मला जो आनंद झाला तो ऑरोरा बघून पण झाला नव्हता, खरं सांगते.

कॅम्परच्या आतली गोष्ट वेगळी. लोकांना वाटतं गॅसचा हीटर आहे म्हणजे झालं. इकडच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो आणि तो मायनस ४२ ला उकळतो, त्याच्या खाली तो नुसता द्रव, सिलिंडर भरलेला आणि शेगडी थंड. मायनस पस्तीसलाच प्रेशर इतकं पडतं की हीटर धड चालत नाही. (आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनपण असतो, तो तर शून्यालाच हात टेकतो.) म्हणून झोपायच्या जागेला वेगळा डिझेल एअर हीटर, तो तासाला पाव लिटरच्या आतच पितो आणि जाळायची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडतो. तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी हवाच हवा, कारण वाऱ्याने बर्फ साठून धुराचं तोंड बुजू शकतं. रात्री एकदा उठून, बूट घालून, बाहेर जाऊन ते तोंड हाताने मोकळं करायचं, ही पाळी आम्ही वाटून घेतली होती.

आणि दमटपणा. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत सोडतात, ते कुठेतरी जाऊन बसणारच. सकाळी टॉर्च मारला की भिंतीतल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एक पांढरा टपोरा ठिपका दिसायचा, लाकूड कोरडं आणि स्क्रू तेवढे बर्फाचे, कारण लोखंडातून थंडी थेट आत येते. गादीखाली पण तसंच, तिथे जाळीची चटई घातली नाही तर दोन दिवसांत गादी फळीला चिकटते. म्हणून आत काही शिजवायचं नाही असं ठरवलं होतं. कुकरची एक शिट्टी म्हणजे भिंतीवर अजून एक थर. घरून पिठलं, आमटी, भात, पोळ्या सगळं करून पाकिटं भरून नेलं, बाहेरच्या कप्प्यात ते दगडासारखं राहतं, जेवायच्या आधी एअर हीटरच्या तोंडाशी ठेवायचं, नाहीतर डबा गरम पाण्यात. छतावरची खिडकी बोटभर उघडी, ऊब जाते पण दमट हवा पण जाते. लिथियम बॅटरी आत, पलंगाखाली, कारण शून्याच्या खाली ती चार्ज केली तर कायमची खराब होते. पाण्याच्या टाक्या रिकाम्या, पाणी फक्त कॅनमधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक उघडलं. पुढे पील आणि मॅकेंझी या दोन नद्यांवर उन्हाळ्यात फेरीबोट असते आणि हिवाळ्यात थेट गोठलेल्या नदीवरून रस्ता. वरचा बर्फ खरवडून काढलेला असतो कारण भुसभुशीत बर्फ पांघरुणासारखं काम करतो, तो राहिला तर खालची नदी नीट गोठत नाही, आणि वरून पाणी सोडून जाडी वाढवतात. तिथे स्पीड अगदी कमी ठेवायचा, जड गाडी जोरात गेली की बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि ती पुढे किनाऱ्याला जाऊन बर्फ फोडू शकते. आणि तिथे, सांगायलाच नको, थांबायचं नाही.

इनुविकहून टुकटोयाक्टुकला पूर्वी हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून जायचे, नोव्हेंबर २०१७ पासून १३८ किलोमीटरचा पक्का खडीचा रस्ता झालाय. शेवटी आर्क्टिक समुद्र, सगळा पांढरा. वारा इतका की इंजिन चालूच ठेवून आळीपाळीने उतरलो.

कोणाला जायचं असेल तर माझं मत, डिसेंबर-जानेवारीत नका जाऊ, इनुविकला तेव्हा जवळपास महिनाभर सूर्यच उगवत नाही आणि बिघाड दुरुस्त करायला उजेड लागतो. मार्चचा मधला काळ उत्तम, दिवस बारा तासांचा होतो, थंडी असते पण झेपते, आणि नदीवरचा बर्फ अजून पक्का असतो. निघताना रस्त्याची परिस्थिती ५११ युकॉन या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर बघा, सॅटेलाइटवरून मेसेज करता येणारं यंत्र घ्या, मायनस ४० ची स्लीपिंग बॅग कॅम्परमध्ये नाही तर ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवा. आणि रस्त्यात कोणी थांबलेलं दिसलं तर काच खाली करून ठीक आहे का विचारा, तिथे सगळेच विचारतात, आम्ही नुसते फोटो काढायला उभे होतो तरी जाणारी प्रत्येक गाडी थांबून गेली.